धूर थांबल्यानंतरचं काम

यंदाच्या अंकाचा विषय ‘अग्नी’ आहे, असं संपादकांनी कळवलं. अग्नी म्हटलं की यज्ञ, चूल, मशाल, होळी असा सगळा पेटवण्याचाच पसारा डोळ्यांसमोर उभा राहतो. मला मात्र विझवण्याबद्दल लिहायचं होतं. उघड्यावरची आग कुणाला इजा न होता आणि पुन्हा पेटणार नाही अशा बेताने विझवायची, तर नेमकं काय काय करावं लागतं? मुंबईत हा प्रश्न घेऊन जायची जागा एकच, गोवंडी. देवनारचं डम्पिंग ग्राउंड तिथे आहे आणि तिथली आग या शहराने अनेकदा विझवली आहे. अनेकदा विझवावी लागली, यातच सगळी गोष्ट आली.

डोंगराच्या पायथ्याशी

हार्बर लाइनवर गोवंडीला उतरायचं, स्टेशनबाहेर शेअर रिक्षा पकडायची आणि शिवाजी नगर गाठायचं. ज्या रुळांवरून आपण इथवर येतो, त्यांचंही कचऱ्याशी जुनं नातं आहे. कुर्ला ते चेंबूर हा तुकडा 1906 साली शहराचा कचरा वाहणाऱ्या गाड्यांसाठी टाकला गेला. त्यावरून माणसांची ने-आण सुरू झाली ती 1924 मध्ये. मुंबईचा कचरा गोवंडीच्या दिशेला आधी आला, मुंबईकर नंतर.

घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड ओलांडून शिवाजी नगर, बैंगनवाडीच्या गल्ल्यांमधून आत शिरलं, की दुकानांची जात बदलत जाते. किराणा, मोबाइल, बिर्याणी मागे पडतात आणि भंगाराची दुकानं लागतात. एका दुकानात फक्त प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं, दुसऱ्यात नुसता थर्माकोल, तिसऱ्यात तारांची भेंडोळी. गल्ली संपते तिथे भिंत, आणि भिंतीच्या वर डोंगर. मातकट, मधूनच हिरवा, वर घारी आणि बगळे. शंभर फुटांहून उंच चढलेला हा डोंगर पूर्णपणे कचऱ्याचा आहे. महापालिकेच्या हिशेबात 1927 पासूनचा, जवळपास 132 हेक्टरवर पसरलेला. त्याच्या पलीकडे तिवरं आणि ठाण्याची खाडी.

इथे कुणीही ‘देवनार क्षेपणभूमी’ म्हणत नाही. ‘डम्पिंग’ म्हणतात. ‘डम्पिंगला लागली’ एवढं म्हटलं की काय लागलं, हे विचारावं लागत नाही.

जानेवारी 2016 च्या अखेरीस जी लागली, ती सगळ्या शहराला कळली. धुराचा पट्टा इतका मोठा होता, की तो नासाच्या उपग्रहचित्रांत स्पष्ट उमटला. अग्निशमन दलाचे बंब, पाण्याचे टँकर, बुलडोझर दिवसरात्र राबत होते. चेंबूर, घाटकोपर, शीवपर्यंत लोकांचे डोळे चुरचुरत होते. परिसरातल्या महापालिकेच्या सत्तरहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. काही दिवसांनी धूर ओसरला, बातम्या ओसरल्या. मार्चमध्ये डम्पिंग पुन्हा पेटलं.

जानेवारीतली आग मार्चमध्ये नव्याने लावली गेली की आत धुमसत राहून वर आली, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की कचऱ्याच्या डोंगरात दोन्ही गोष्टी सारख्याच सहज घडू शकतात.

ज्वाला वर, विस्तव खाली

गॅस येण्याआधीच्या घरांत रात्री चूल विझवत नसत. निखारे चुलीच्या एका कोपऱ्याला ओढून त्यांवर राखेचं पांघरूण घालत. सकाळी राख बाजूला सारून दोन काटक्या ठेवल्या, फुंकणीने फुंकलं, की विस्तव हजर. राखेमुळे हवा अगदी थोडी मिळते, उष्णता बाहेर जात नाही आणि निखारा रात्रभर जगतो. डम्पिंगच्या आगीचं शास्त्र समजून घ्यायला एवढी चूल पुरेशी आहे.

कचऱ्याच्या ढिगात ओला कचरा दाबला गेला, की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. ढिगातून बाहेर पडणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेनच असतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान आलं, की एका ठिणगीने तो पेटतो. कुजण्याचीही स्वतःची ऊब असते. ढिगाच्या पोटात पन्नास-साठ अंश तापमान ही रोजची गोष्ट. त्यात कागद, कापड, लाकूड, रबर, प्लॅस्टिक असं जळणाऱ्या वस्तूंचं भांडार. उतारावर भेग पडली, कचरा खचला, की तिथून हवा आत ओढली जाते. मग ज्वाला दिसत नाही, पण आत धग धरते. ती दिवसाला काही फूट सरकते, आठवड्यांनी भलतीकडेच वर येते.

अशी धग ओळखण्याच्या खुणा आहेत. एखाद्या ठिकाणी पृष्ठभाग अचानक बसतो. सभोवती गवत हिरवं असताना एकाच पट्ट्यात करपतं. पहाटेच्या दवाने बाकीचा उतार ओला असतो आणि मध्येच एक जागा कोरडी राहते. वाफ मात्र फसवते, कारण पावसाळ्यात नुसत्या कुजण्यानेही डोंगर वाफाळतो. म्हणून खरी तपासणी लोखंडी नळी आत खुपसून करतात. पोटातलं तापमान 75 अंशांच्या पुढे गेलेलं असेल आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड भरपूर सापडत असेल, तर आत काहीतरी जळतंय असं धरून चालावं लागतं. मिथेन कुजल्याने येतो, कार्बन मोनॉक्साइड अर्धवट जळल्याने. हा फरक ज्याला मोजता येतो, त्याला धूर दिसायची वाट पाहावी लागत नाही.

आगीचा धूर हिवाळ्यात सगळ्यांत जास्त का छळतो, तेही इथे उभं राहिलं की समजतं. पावसाळ्याचा ओलावा सुकलेला असतो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा सुटतो, म्हणजे डम्पिंगकडून शहराकडे. थंड हवेचा थर खाली बसतो आणि वर गरम हवेचं झाकण. धूर वर जातच नाही, गल्लीगल्लीतून जमिनीलगत सरपटतो. दुपारी समुद्रावरून वारा आला, की तोच धूर खाडीपलीकडे वाशीकडे वळतो.

पाणी, माती आणि पोकलेन

बंब आला, पाइप टाकला, पाणी मारलं, आग विझली: इमारतीच्या बाबतीत हे चालतं. कचऱ्याच्या डोंगरावर लांबून मारलेला पाण्याचा फवारा वरची ज्वाला दाबतो, पण आत उतरतोच असं नाही. कचऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे थर असतात, त्यांवरून पाणी घरंगळतं किंवा सोपी वाट शोधून एकाच चरातून खाली निघून जातं. बाजूचा धगधगता भाग कोरडाच राहतो. उलट जोरदार झोताने उतार खणला गेला, तर नव्या भेगेतून हवा आत जाते. पाणी धगीवर पडलंच, तर एका लिटरची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते, आणि ती भेगेतून उसळून पाइप धरलेल्या जवानाच्या अंगावर येते. जे पाणी मुरतं, ते काळं, विषारी होऊन पायथ्याच्या नाल्यात आणि तिथून खाडीत.

म्हणून दुसरा उपाय येतो, माती. राडारोडा आणि मातीचा जाड थर टाकून, बुलडोझरने दाबून हवा तोडायची. धूर लगेच थांबतो. सगळ्यांना हायसं वाटतं. पण थर पातळ असेल, उतारावर नीट बसला नसेल, तर ते राखेचं पांघरूणच. माती आग मारत नाही, तिला उपाशी ठेवते. आतली उष्णता जायला कित्येक आठवडे लागतात. तेवढ्या काळात थराला एकदा जरी तडा गेला, तरी केलेलं सगळं काम वाया. मातीचा उपाय करायचा, तर रोज त्या थरावर फिरून तडे बुजवणारा माणूस नेमावा लागतो. धूर दिसेनासा झाला, की पहिल्यांदा हाच माणूस परत बोलावला जातो.

तिसरा उपाय सगळ्यांत कष्टाचा आणि सगळ्यांत खात्रीचा. उकरायचं. पोकलेनने जळता भाग तुकड्या-तुकड्याने बाहेर काढायचा, मोकळ्या जागी हात-दीड हात जाडीचा पसरायचा, त्यावर बारीक फवारा मारायचा, उलथायचा, पुन्हा भिजवायचा. तापमान मोजून थंड झाल्याची खात्री पटली, की मगच तो परत दाबायचा किंवा दुसरीकडे न्यायचा. त्याआधी जळत्या भागाभोवती चर खणून तो उरलेल्या ढिगापासून तोडायचा, नाहीतर आपण पुढे उकरतोय आणि आग मागून सरकतेय, अशी गत होते.

मार्च 2023 मध्ये कोचीजवळ ब्रह्मपुरमच्या कचरा डेपोला आग लागली, तेव्हा शेवटी हेच करावं लागलं. दहा-बारा दिवस आग आटोक्यात येत नव्हती. शेजारच्या कडंब्रयार नदीचं पाणी पंपांनी उचलून, उत्खनन यंत्रांनी ढीग खोदून, खड्ड्यांत पाणी भरून, कचरा उलथून उलथून ती विझवली. नंतरही पथकं पहाऱ्यावर ठेवली गेली.

उकरण्यात धोकाही सगळ्यांत मोठा. पोकलेनचा हात आत गेला की कोंडलेल्या धगीला एकदम हवा मिळते आणि ज्वाला भडकते. आतून जळून पोकळ झालेला भाग यंत्राच्या वजनाने खचतो. म्हणून यंत्र वरच्या कड्यावर उभं करायचं नसतं, बाजूने भिडायचं असतं, तेही वारा पाठीशी घेऊन. चालकाची केबिन बंद हवी. आजूबाजूच्या प्रत्येकाकडे श्वसनयंत्र हवं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन निघतात. त्यांना रुमाल बांधून अडवता येत नाही. एकट्याने पुढे जायचं नाही, आणि माघारीची वाट कधीही यंत्राने अडवायची नाही. नियम साधे आहेत. पाळायला माणसं, साधनं आणि वेळ लागतो. तिन्ही मिळतात ती फक्त आग बातम्यांत असेपर्यंत.

तार जाळणारे हात

डम्पिंगच्या आगींचा दोष कचरावेचकांवर आणि भंगारवाल्यांवर टाकण्याची जुनी सवय आहे. 2016 मध्येही पोलिसांनी भंगार व्यवसायातल्या काहींना अटक केली. आग लावली जाते हे खोटं नाही. का लावली जाते, हे भंगाराच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

वायरच्या भेंडोळ्यात तांबं असतं, वर प्लॅस्टिकचं आवरण. ते पातीने सोलायचं तर बोटं कापतात आणि अख्खा दिवस जातो. पेटवून दिलं तर काही मिनिटांत आवरण जळून काळपट तांबं हाती येतं. जळक्या तांब्याला सोललेल्या तांब्यापेक्षा भाव कमी मिळतो, तरी वेळेचा हिशेब जाळण्याच्या बाजूनेच लागतो. टायरमधल्या तारा, गाद्यांमधल्या स्प्रिंगा, सगळ्याचं हेच. वस्तीत जाळलं तर शेजारी ओरडतात, म्हणून डम्पिंगवर न्यायचं. हातभर शेकोटीएवढी आग. जाळणारा तांबं उचलून निघून जातो, आणि खाली मिथेन सोडणारा डोंगर असतो.

2016 नंतर महापालिकेने भिंत, कॅमेरे आणि पहारा यांवर भर दिला, वेचकांना आत येण्यावर निर्बंध आणले. पहारा हवाच. पण तार सोलण्याचं साधं यंत्र वस्तीत चार ठिकाणी बसवून दिलं, तर जाळायचं कारणच निम्मं होईल, असं मला वाटतं. शिवाय डोंगरावर रोज फिरणाऱ्या माणसाला कोणत्या उतारावर पाय भाजतो, कुठून वेगळा वास येतो, हे सगळ्यांत आधी कळतं. धुराचा पहिला वर्दीदार म्हणून त्याला सोबत घ्यायचं की चोर म्हणून भिंतीबाहेर ठेवायचं, हा निर्णय शहराने अजून शहाणपणाने घेतलेला नाही.

आणि धूर पहिल्यांदा कुणाच्या छातीत जातो? याच लोकांच्या. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग शहरात सगळ्यांत तळाला होता. क्षयरोगाने आधीच पोखरलेल्या या वस्त्यांत प्रत्येक आग म्हणजे दवाखान्यांपुढच्या रांगा.

हातभर आगीचाही हाच नियम

डम्पिंगच्या धगीतून जे शिकायला मिळतं, ते लहान आगीलाही जसंच्या तसं लागू पडतं. सह्याद्रीत वाट चुकलेला ट्रेकर मदतीसाठी जाळ करतो, रात्री ज्वाला दिसावी म्हणून सुकी लाकडं, दिवसा धूर दिसावा म्हणून त्यावर ओला पाला. त्रिकोणात लावलेल्या तीन आगी हा जगभर ओळखला जाणारा संकटाचा इशारा आहे. मदत येते, सगळे घाईने निघतात, आणि मागे अर्धवट विझलेली आग राहते. डिसेंबरनंतरच्या वाळल्या गवतात ती वणवा व्हायला एक वाऱ्याची झुळूक पुरते.

विझवायची पद्धत अशी. निघायच्या बऱ्याच आधी लाकूड घालणं थांबवायचं. मोठे ओंडके सुटे करून पसरायचे. पाणी एकदम ओतायचं नाही, कडेने शिंपडत आत जायचं, नाहीतर वाफ आणि गरम राख तोंडावर येते. मग काठीने ढवळायचं, ओंडके उलटे करून खालची बाजू भिजवायची, पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. फुसफुस आवाज थांबेपर्यंत. शेवटी तळहाताची मागची बाजू आधी राखेच्या वर धरायची, ऊब लागली नाही तर राखेला टेकवायची. चटका सोडा, कोमटपणा जरी जाणवला, तरी आग विझलेली नाही. पाणी नसेल तर पालापाचोळा नसलेली कोरडी माती निखाऱ्यांत मिसळत, ढवळत राहायचं. नुसती वरून माती लोटून निघून जायचं नाही. तो विस्तव राखून ठेवण्याचा प्रकार झाला, आणि झाडाची मुळं जवळ असतील तर धग त्यांतून दूरवर सरकते.

भारतीय वन कायद्याला ही गोष्ट ठाऊक आहे. राखीव वनाला आग लावणं जसा गुन्हा, तसंच वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडून जाणं हाही त्यात गुन्हा आहे. तो कायदा 1927 चा, म्हणजे देवनारच्या डोंगराइतक्याच वयाचा. कचऱ्यासाठी देशपातळीवरचे नियम यायला 2000 साल उजाडलं. एप्रिल 2016 मध्ये घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. डिसेंबरमध्ये अलमित्रा पटेल यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर पूर्ण बंदी घातली, साध्या प्रकाराला 5 हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25 हजार रुपये दंड ठेवला. जाळण्याबद्दल नियम झाले. पण डम्पिंगची आग विझल्याचं कुणी, कशाच्या आधारे जाहीर करायचं, हे लोकांपुढे मांडलं गेल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

डोंगर थंड कसा करायचा

बोरिवलीच्या गोराईचा कचऱ्याचा ढीग 2007 मध्ये बंद झाला. त्याला आकार देऊन, वर आच्छादन घालून, आतला वायू नळ्यांनी बाहेर काढून जाळण्याची सोय केली गेली. मुलुंडचं डम्पिंग 2018 मध्ये बंद झालं आणि तिथला जुना कचरा उकरून वेगळा करण्याचं काम सुरू झालं. शहराचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला जातो. देवनारच्या पोटातला सुमारे 185 लाख टन जुना कचरा उकरण्यासाठी महापालिकेने 2025 मध्ये निविदा काढली. याला बायोमायनिंग म्हणतात: ढीग थराथराने फोडायचा, लांबट रांगांत पसरायचा, उलथायचा, सुकला की चाळायचा, माती, दगड, जळाऊ प्लॅस्टिक वेगळं करायचं.

वाचताना लक्षात आलंच असेल, की जळता ढीग विझवण्याची खात्रीची पद्धत आणि ही पद्धत जवळजवळ एकच आहे. देवनारची आग खऱ्या अर्थाने विझवायची, तर हाच मार्ग. धोकाही तोच. जिथे जिथे यंत्राचा दात लागेल तिथे कोंडलेली धग आणि मिथेन मोकळा होणार. रोज उकरण्याआधी तापमान आणि वायू मोजणं, पाण्याचे टँकर हाताशी ठेवणं, कामगारांना श्वसनयंत्रं देणं, हिवाळ्याच्या रात्री वारा वस्तीकडे असताना काम बंद ठेवणं, हे कागदावर न राहता रोजच्या रोज झालं पाहिजे. मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर घरं बांधायचे बेत आधीच ऐकू येत आहेत. ज्या जमिनीच्या पोटातली ऊब कुणी मोजलेली नाही, तिथे माणसं राहायला नेऊ नयेत, एवढं तरी आपण ठामपणे म्हणायला हवं.

महापालिकेकडे माझी एक साधी मागणी आहे. डम्पिंगला आग लागली, की धूर थांबल्यानंतर पुढचे सहा आठवडे त्या भागाचं आतलं तापमान आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण रोज मोजावं आणि ते आकडे शिवाजी नगरच्या बस डेपोबाहेर फलकावर मराठी, हिंदी आणि उर्दूत लावावेत. आकडे खाली आल्याशिवाय आग विझल्याचं जाहीर करू नये. धूर ज्यांनी गिळला, त्यांना एवढा हिशेब मिळायलाच हवा.

वाचकांकडेही दोन मागण्या. डोंगरातला मिथेन आपल्या घरच्या ओल्या कचऱ्यातून आलेला आहे, तेव्हा ओला आणि सुका कचरा वेगळा द्या आणि सोसायटीतल्या पाल्याला काडी लावू देऊ नका. आणि डम्पिंगवर किंवा कुठेही उघड्यावर धूर दिसला, तर तो कमी होण्याची वाट पाहू नका. आग मोठी असेल तर 101, कचरा जाळला जात असेल तर महापालिकेचा 1916. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून या, आणि धग शिल्लक असेल तर पुन्हा फोन करा.